लेकरं किती, आणि कोणत्या दिवशीची?

मामा अकोल्याचे. सांख्यिकी कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेले. कुणी तोंडी अंदाज सांगितला की त्यांच्या कपाळावर आठी उमटते. भाची परतवाड्याला एका लहानशा संस्थेत काम करते. तिचा निम्मा महिना धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत, अंगणवाडी सेविकांच्या नोंदवह्या चाळण्यात जातो. मेळघाटातून खाली कामाला उतरणाऱ्या मजुरांच्या लेकरांसाठी अमरावती-अकोल्यात पाळणाघरं काढायचं संस्थेच्या मनात आहे. त्यासाठी सहा वर्षांखालची मुलं किती, ती असतात कुठं आणि त्यांच्या घरची परिस्थिती काय, हे प्रस्तावात मांडायचं होतं. आकडे शोधत भाची मामांकडे आली आणि दोघांची जुंपली.

भाची : मामा, कधीची शोधून राहिली मी, पण एका जागी आकडा सापडत नाही. जनगणनेत एक, अंगणवाडीच्या अहवालात दुसरा, आरोग्य खात्याकडे तिसरा. लिहू तरी कोणता?

मामा : तीन दप्तरांत एकच आकडा निघाला असता तर मला जास्त शंका आली असती. तू आधी हे सांग, लेकरं कोणती मोजून राहिली?

भाची : शून्य ते सहाची. सगळीकडे तेच तर लिहिलंय.

मामा : लिहिलंय तेच, पण मोजलंय निराळं. जनगणनेच्या तक्त्यात 0 ते 6 म्हणजे पूर्ण झालेलं वय शून्यापासून सहापर्यंत. सातवा वाढदिवस न झालेली सगळी लेकरं त्यात आली, म्हणजे सात वर्षांचे जन्म. अंगणवाडीत सहा पूर्ण झाली की नाव कमी होतं, म्हणजे सहा वर्षांचे जन्म. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वजन-उंची घेतं ती पाच वर्षांखालच्यांची. जनगणनेच्या आकड्यातून अंगणवाडीचा आकडा वजा केलास, तर सातातला एक हिस्सा नुसत्या व्याख्येनं गायब होतो. आणि मग कुणीतरी लिहितो, इतकी हजार बालकं अंगणवाडीपासून वंचित!

भाची : वंचित असतातच की काही.

मामा : असतात. पण किती, ते या वजाबाकीतून कळत नाही. वयाचा घोळ मोठमोठ्यांना नडतो, बेटा. 2012 मध्ये राज्यानं देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून पोषणाची पाहणी करून घेतली. 2005-06 मध्ये 39 टक्के असलेलं खुजेपण 23-24 टक्क्यांवर आल्याचं तीत दिसलं. पुढं 2015-16 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातलं खुजेपण निघालं 34 टक्के. दोन्ही शेजारी ठेवले तर वाटतं, कमावलेलं सगळं तीन-चार वर्षांत वाहून गेलं. पण पहिला आकडा दोन वर्षांखालच्यांचा आहे, दुसरा पाच वर्षांखालच्यांचा. उंचीची तूट जन्मापासून साचत जाते, त्यामुळं वयाची मर्यादा वाढवली की टक्का वाढणारच. छेदात कोण आहे हे पाहिल्याशिवाय अंशावर भांडू नये.

भाची : बरं, वयं जुळवून घेईन. पण 2011 नंतर जनगणनाच झाली नाही. तेव्हा पाळण्यात होती ती पोरं आता दहावीला आलीत. आमच्यातला एकजण म्हणतो, 2011 चा आकडा घ्या, लोकसंख्यावाढीच्या दरानं वाढवा, काम झालं.

मामा : काहून वाढवायचा बाप्पा? 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या 9 कोटी 69 लाखांवरून 11 कोटी 24 लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत 0 ते 6 ची मुलं 1 कोटी 37 लाखांवरून 1 कोटी 33 लाखांवर उतरली. माणसं वाढली, लेकरं घटली. 2019-21 च्या सर्वेक्षणात तर राज्याचा एकूण जननदर बाईमागं 1.7 निघाला. केंद्राच्या तांत्रिक गटानं 2036 पर्यंतचे अंदाज काढलेत, पण ते राज्याचे. जिल्ह्याला त्यातून काही मिळत नाही. आणि मागं जाऊन तुलना करशील तर आणखी एक खड्डा आहे. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशिम वेगळा झाला. 1991 च्या अकोल्यात वाशिमची लेकरं आहेत. जुन्या आणि नव्या अकोल्याचे आकडे तसेच एकाखाली एक मांडले तर वाटेल, जिल्ह्यावर काही संकट कोसळलं.

भाची : म्हंजे आजचा आकडा कुणाकडंच नाही?

मामा : जन्मनोंदी आहेत नं. 1969 च्या कायद्यानं जन्म 21 दिवसांत कळवावा लागतो, आणि आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होतात. गेल्या सहा वर्षांचे जन्म मांड, दगावलेली वजा कर, अंदाज मिळतो.

भाची : तालुक्याचा नाही मिळत. जन्म जिथं होतो तिथं नोंदला जातो. धारणीकडच्या बाईचं बाळंतपण अवघड झालं, तिला अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात हलवलं, तर लेकराची नोंद अमरावतीत. नुसत्या नोंदींवर गेलात तर शहरात पाळणाघरं जास्त लागतील आणि डोंगरात कमी. प्रत्यक्षात ते लेकरू आठ-पंधरा दिवसांत डोंगरावर परत गेलेलं असतं.

मामा : मान्य. जिल्ह्यापुरतं चालेल, तालुक्याला आईचा कायमचा पत्ता पाहावा लागेल. नोंदीत तोही रकाना असतो, फक्त त्यावरून तक्ते क्वचित होतात. पण घरच्या परिस्थितीसाठी तुला सर्वेक्षणाशिवाय इलाज नाही. जनगणना सांगते किती घरांत नळ आहे आणि गावात लेकरं किती. पण ज्या घरात लेकरू आहे त्या घरात नळ आहे का, हे तिच्या गावनिहाय तक्त्यांत दिसत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे दोन्ही एका घरात जोडतं. आईचं शिक्षण, तिचं लग्नाचं वय, संडास, चूल, लेकराचं वजन, सगळं एका ओळीत.

भाची : आणि ती ओळ मिळवायची कुठून? सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी वर्षानुवर्षं अमेरिकेच्या डीएचएस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून मिळायची. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं परदेशी मदत आवळली, तो कार्यक्रम ठप्प झाला आणि नव्या अभ्यासकांचं दार अडलं. अकोल्याच्या लेकराचं वजन पाहायला वॉशिंग्टनची किल्ली लागते, हे तुम्हाला खटकत नाही?

मामा : खटकतं. पण जिल्ह्याचं माहितीपत्रक आपल्या देवनारच्या संस्थेनंच काढलंय, ते तर कुणी अडवलं नाही. सर्वेक्षणाच्या चौथ्या, 2015-16 च्या फेरीपासून जिल्हावार आकडे मिळतात. अकोला वेगळा, अमरावती वेगळा.

भाची : अमरावती एकच, हीच तर अडचण! 2011 ला जिल्हा 28 लाख 88 हजारांचा. त्यात धारणी आणि चिखलदरा मिळून 3 लाखांच्या आसपास. वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा, अमरावती शहर, दर्यापूरची खारपाणपट्ट्यातली गावं आणि मेळघाटातला कोरकू पाडा, सगळ्यांची मिळून एक सरासरी. जिल्ह्याला साधारण 900 घरांचा नमुना. त्यात मेळघाटच्या वाट्याला किती घरं येणार? 1993 च्या पावसाळ्यात मेळघाटातली लेकरं दगावली तेव्हापासून उच्च न्यायालयात याचिका चालू आहेत. आधी शीला बारसे न्यायालयात गेल्या, पुढं पौर्णिमा उपाध्याय, डॉ. राजेंद्र बर्मा. जिल्ह्याच्या सरासरीनं काम भागलं असतं तर न्यायालयाला दर वेळी तालुक्याचे आकडे मागावे लागले असते का?

मामा : तालुक्यासाठी ते सर्वेक्षण आखलेलंच नाही. त्याला तो प्रश्न विचारायचाच नाही.

भाची : आणि सर्वेक्षणवाले घरी आले कधी, ते पण बघा. महाराष्ट्रातलं पाचव्या फेरीचं काम जून ते डिसेंबर 2019 मध्ये झालं. त्यातच सोयाबीनची सोंगणी येते. आमच्याकडं त्या दिवसांत पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री. धडधाकट माणसं लेकरं घेऊन खाली सपाटीला. आदल्या रात्री घरात झोपलेल्यांचीच वजन-उंची घेतात. ज्या घराला कुलूप, त्याचं लेकरू ना अंशात, ना छेदात.

मामा : सर्वेक्षणाचं म्हणणं कबूल. पण जनगणना तसं करत नाही. जो माणूस मोजणीच्या पूर्ण काळात गावाबाहेर आहे, तो जिथं असेल तिथं मोजला जातो. वीटभट्टीवर असेल तर वीटभट्टीवर. बेघरांसाठी 2011 ला 28 फेब्रुवारीची अख्खी रात्र राखून ठेवली होती. तुझं लेकरू हरवत नाही, फक्त दुसऱ्या गावच्या खात्यात पडतं.

भाची : प्रगणक भट्टीवर गेला तर! आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. त्या वर्षी होळी 22 मार्चला. आमचा कोरकू माणूस कुठंही असला तरी होळीला घरी येतो, तो त्याचा सगळ्यात मोठा सण. म्हणजे मोजणी होणार तेव्हा मेळघाट रिकामा, आणि तीन आठवड्यांनी गाव भरलेलं. त्या तारखेवर आखलेली अंगणवाडी होळीनंतर अपुरी पडणार.

मामा : मग त्यात चूक कुणाची? तारीख एक ठरवावीच लागते. शिवाय तुला पाळणाघर खाली काढायचंय. तुझ्यासाठी फेब्रुवारीचाच आकडा कामाचा. गावात नाव कोणाचं आहे यापेक्षा लेकरू त्या महिन्यात आहे कुठं, हे तुला हवंय.

भाची : हे मात्र पटलं. पण गाव कोणतं म्हणायचं, हाही प्रश्न सोपा नाही हो. केलपाणी, गुल्लरघाट ही व्याघ्र प्रकल्पातली गावं 2011 नंतर उठवून खाली अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला वसवली. 2011 ची यादी त्यांना वर जंगलात दाखवते. लेकरं खाली जन्मली. सोयी नाहीत म्हणून 2019 च्या जानेवारीत काही कुटुंबं पुन्हा वर गेली, वनखात्याशी संघर्ष झाला. त्या महिन्यात त्यांची लेकरं कोणत्या जिल्ह्याची होती, सांगा.

मामा : कागदावर अकोल्याची. पण मुद्दा पोचला. तर मग तुझा उपाय काय?

भाची : दारोदार जाणं. गेल्या हंगामात अकोल्याकडच्या एका भट्टीवर गेले होते. आई चिखल मळत होती, लेकरू विटांच्या थप्पीच्या सावलीत. वय विचारलं तर ती म्हणाली, पोळ्याच्या मागं-पुढं झालं. कोणत्या पोळ्याच्या? तर मोठ्या पोरीला खाली कामावर आणलं त्या वर्षीच्या. असे सण आणि हंगाम जुळवत महिने काढावे लागतात. दोन महिन्यांचा फरक पडला तरी वयानुसार वजनाची श्रेणी बदलते. म्हणून आधी दंडाला पट्टी लावली. सहा महिन्यांच्या वरच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर ते तीव्र कुपोषित, त्याला महिन्यांचा काटेकोर हिशेब लागत नाही. पट्टी लाल रंगावर आली. गावच्या अंगणवाडीच्या वहीत त्याच लेकरापुढं लिहिलं होतं, स्थलांतरित.

मामा : आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत?

भाची : नावच नव्हतं. तरी यशोमती ठाकूर राज्याच्या महिला व बालविकास मंत्री असताना स्थलांतराचा माग ठेवणारी प्रणाली सुरू झाली. पहिल्या जिल्ह्यांत अमरावती होता. कल्पना चांगलीच आहे. पण माग ठेवायला आधी निघताना कुणी सांगावं लागतं, आणि मुकादमाची गाडी पहाटे येते.

मामा : अंगणवाड्यांच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये दिसत असेल की. 1 मार्च 2021 पासून देशभर चालू आहे, दर महिन्याला जिल्ह्याचे आकडे येतात.

भाची : दिसतात नं! तुमच्याच भाषेत सांगते. सर्वेक्षण म्हणतं, राज्यात पाच वर्षांखालची 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी. ट्रॅकरवर तोच टक्का एक आकडी. सर्वेक्षणाच्या छेदात नमुन्यातल्या घरांतली मुलं. ट्रॅकरच्या छेदात अंगणवाडीत नाव असलेली आणि त्या महिन्यात काट्यावर चढलेली मुलं. समजा गावात 60 लेकरं. 20 खाली गेली, उरलेल्या 40 मध्ये 2 कुपोषित, म्हणजे 5 टक्के. गेलेल्या 20 मध्ये 6 असतील, तर खरा टक्का 13 च्या वर. सेविकेनं खोटं काहीच लिहिलं नाही, तरी आकडा खोटा.

मामा : खोटं लिहिलं नाही, हेही तू गृहीत धरून राहिली. ज्या हातात वजनकाटा, त्याच हाताला कुपोषण वाढलं म्हणून नोटीस. मग काटा आपोआप थोडं जास्तच दाखवतो. म्हणून मी बाहेरच्या, तटस्थ मोजणीवर भिस्त ठेवतो.

भाची : मामा, सेविकेवर सगळं ढकलू नका. नेटवर्कसाठी टेकडी ती चढते, आणि कुटुंबाच्या पहिल्या नोंदवहीत घरातल्या दर माणसाचं वय, जात, अपंगत्व तीच लिहिते. इतकी घरगुती माहिती जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नाही. आणि तटस्थ मोजणीचं म्हणाल तर तीही दारातूनच झाली. ‘कोवळी पानगळ’ आठवते ना? डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या 13 संस्थांनी दोन वर्षं गावोगाव जन्म-मृत्यू टिपले, 2001 मध्ये अहवाल काढला. महाराष्ट्रात वर्षाला पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा अंदाज निघाला. सरकारी दप्तरात पोचत होते ते त्याच्या कितीतरी कमी. पुढं सरकारलाच बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

मामा : त्या अभ्यासाची ताकद कशात होती? दारात गेले म्हणून नव्हे. सगळ्यांनी एकाच व्याख्येनं मोजलं, जन्म आणि मृत्यू दोन्ही मोजले, म्हणून दर काढता आला. नुसते मृत्यू मोजले असते तर ती करुण कथा झाली असती, मंत्रालय हललं नसतं. आणि मोजणी वऱ्हाडला नवी नाही. सगळ्या देशाची एकत्र जनगणना 1881 ची, पण वऱ्हाडात 1867 लाच शिरगणती झाली. 1891 ला वऱ्हाडची लोकसंख्या 29 लाखांच्या जवळ होती, 1901 ला 27 लाख 54 हजार. मधल्या दोन दुष्काळांनी काय केलं, ते या दोन आकड्यांनी सांगितलं. त्यातल्या छप्पन्नच्या, म्हणजे संवत 1956 च्या दुष्काळाच्या गोष्टी आजीही सांगायची, पण गोष्टीवरून कुणाला जाब विचारता येत नाही.

भाची : जाब विचारता आला, पण 1901 ला. लेकरं 1900 लाच गेली. तुमचा आकडा नेहमी नंतर येतो. माझ्या वहीत नाव असतं, म्हणून मी आज त्याच्या घरी जाऊ शकते.

मामा : आणि ते नाव आणखी कोण वाचतं? 1948 च्या जनगणना कायद्यातलं पंधरावं कलम काढून बघ. तुझ्या घराची जनगणनेची नोंद कुणाला पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणून माणूस दारात आलेल्याला खरं सांगतो. 2025 च्या जानेवारीत राज्यानं उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले थांबवून चौकशी लावली. अकोला-अमरावतीतले दाखलेही तपासणीत आले. त्यात गैर काय नि रास्त काय, हा वाद वेगळा. पण ज्या आईनं वर्ष उलटल्यावर नोंद केली, ती आता यादीला भिणार. तू भट्टीवर नावं लिहून घेतलीस, उद्या ती यादी व्हॉट्सॲपवर फिरली, तर पुढच्या हंगामात दार उघडेल का?

भाची : नाव न लिहिता लाल पट्टीचं लेकरू परत कसं शोधू? “अकोला जिल्हा, एक मुलगा” असं लिहून ठेवू?

मामा : लिही, पण दोन कागद ठेव. नावाचा सेविकेकडे, तो तिथून हलायचा नाही. आकड्याचा वर जाईल, त्यात नाव नाही, भट्टीचं नावही नाही. जिथं दोन-तीनच लेकरं आहेत तिथं नुसत्या ठिकाणावरूनही माणूस ओळखू येतो.

भाची : भट्टीचं नाव नाही तर पाळणाघर कुठं काढू? इथं तुमचं आणि माझं जमायचं नाही, मामा. सरकारला गुप्तता परवडते, मला पत्ता लागतो.

मामा : नको जमू दे. पण प्रस्तावात एकच आकडा लिहू नको. तीन लिही : जन्मनोंदीवरून काढलेला जिल्ह्याचा, अंगणवाड्यांच्या वह्यांवरून मेळघाटच्या दोन तालुक्यांचा, आणि फेब्रुवारीत भट्ट्या-शेतांवर मोजलेला. प्रत्येकापुढं तारीख, वयाची मर्यादा, आणि कोण सुटलं असेल ते. घरच्या परिस्थितीला सर्वेक्षण घे, पण ते जिल्ह्याचं आहे, मेळघाटचं नाही, हे खाली स्पष्ट लिही.

भाची : तीन आकड्यांत सगळ्यात मोठा माझा असला तर पैसे देणारे म्हणतील, संस्थेनं फुगवला. तुम्हीही तेच म्हणाल.

मामा : म्हणेन. पाळणाघरात 40 लेकरांचा खाऊ आणि हजेरी 25 ची, तर लेखापरीक्षक आक्षेप घेणारच. म्हणून मधला आकडा धरावा असं माझं मत.

भाची : जास्त धरला तर आक्षेप घ्यायला तुमचा लेखापरीक्षक आहे. कमी धरला आणि 15 लेकरं बाहेर राहिली, तर आक्षेप कोण घेणार? त्यांच्या आयांना तर यादी असते हेही माहीत नाही. चुकायचंच असेल तर ज्या चुकीचा हिशेब कुणीतरी मागेल, ती चूक मी करीन. भट्टीवरचा आकडा धरते, तारखेसकट.

मामा : धर. मग आणखी एक मोजणी कर, पाळणाघर चालू झाल्यावर. ठरवलेल्या लेकरांपैकी आली किती ते सगळे लिहितात. यादीत नसलेली किती आली, तेही दर महिन्याला लिही. तुझा आकडा बरोबर होता की माझा, ते त्या रकान्यात कळेल.